१८३७ च्या मागे गाडी अडली? इंग्लिश पॅरिश रजिस्टरात पूर्वज सापडत नसेल तर आधी हे बघा

लक्षण दरवेळी तेच. १९२१, १९११ असं करत सेन्सस धरून धडाधड मागे जाता येतं, दोन शनिवार-रविवारात पाच पिढ्या होतात, आपल्याला वाटतं अरे हे तर सोप्पंय, आणि मग १८५१ च्या सेन्ससमध्ये एक म्हातारबुवा भेटतात, वय ५४, शेतमजूर, जन्म अमुक गाव, नॉरफोक (पूर्व इंग्लंडमधली काउंटी, म्हणजे जिल्हा). सरकारी नोंदणी १८३७ ला सुरू झाली, त्याआधीचं पॅरिश रजिस्टरात शोधावं लागतं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग). त्या गावात १७९६-९७ चा बाप्तिस्मा शोधायला गेलं की एकतर शून्य रिझल्ट, नाहीतर एकाच नावाचे तिघं समोर. इथेच बहुतेक जण सोडून देतात. किंवा त्याहून वाईट, तिघांतला जो बरा दिसतो तो उचलतात.

माझ्या ओळखीत इंग्लिश घरात लग्न करून आलेल्या चार-पाच मराठी बायका आहेत, सगळ्यांना मुलांसाठी दोन्हीकडची वंशावळ करायची हौस, आणि सगळ्या वर्षभरात कधीतरी मला हाच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी आमच्या घरचं सांगते. सासूबाईंच्या घरी जिन्यात फ्रेम केलेली वंशावळ आहे, त्यांच्या कुठल्याशा चुलतभावाने करून दिलेली, थेट १६०० च्या दशकापर्यंत, खाली पाना-फुलांची नक्षी वगैरे. त्यात सासूबाईंच्या पणजोबांचे आजोबा विल्यम, बाप्तिस्मा १७९६, आयल्शमजवळच्या एका खेड्यात, आईबाप थॉमस आणि एलिझाबेथ. सगळं छान जुळत होतं. मी एकदा सहज त्याच गावच्या दफनाच्या नोंदी चाळत होते तर १७९८ मध्ये ओळ दिसली, विल्यम, थॉमस आणि एलिझाबेथचा तान्हा मुलगा. म्हणजे ज्या पोराला धरून पुढे सहा पिढ्या लावल्या होत्या ते पोर दोन वर्षांचंसुद्धा झालं नव्हतं. फ्रेमचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच कुणाचा.

तर पहिला नियम हा. बाप्तिस्मा सापडला की आनंद करायचा नाही, लगेच त्याच गावात पुढच्या दहा-पंधरा वर्षांतली दफनं बघायची. मी याला ‘आधी मारून बघा’ म्हणते, नवऱ्याला आवडत नाही पण तो शब्द लक्षात राहतो. एक गोची आहे, १८१३ च्या आधी दफनाच्या नोंदीत वय बरेचदा लिहीतच नसत. ‘अमक्याचा मुलगा’ असं असेल तर लहान मूल समजायला हरकत नाही, नुसतंच नाव असेल तर तो बापही असू शकतो. १ जानेवारी १८१३ पासून छापील फॉर्म आले, बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनात वय, तिथून पुढे जीव जरा भांड्यात पडतो. आणि अजून एक, मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची सर्रास पद्धत होती, त्यामुळे १७९८ ला एक विल्यम पुरला आणि १८०० ला त्याच घरात दुसरा विल्यम बाप्तिस्म्याला आला असंही होतं. आमच्याकडे तसं नव्हतं, मी बघितलं.

आता शून्य रिझल्टवाल्यांसाठी. इथे मुळात आपली समजूत चुकीची असते. माझ्या माहेरच्या उपाध्यांकडे नाशिकला वही आहे, तिच्यात आजोबांनी स्वतः सांगून घरातली सगळी नावं लिहवून घेतलीयेत, कोण कुणाचा, सही आजोबांची. ती घराण्याची वही. पॅरिश रजिस्टर तसं अजिबात नाही, ती चर्चमध्ये झालेल्या विधींची वही आहे. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायची, तेव्हापासून हे चालू आहे. जन्म लिहायचा नव्हता, बाप्तिस्मा लिहायचा होता. आणि सेन्ससवाल्याने विचारलं ते जन्माचं गाव. दोन्ही एकच असेल असं कुणी सांगितलं?

सेन्ससमधल्या वयावर तर फारच जपून. १८४१ च्या सेन्ससमध्ये पंधराच्या वरची वयं खालच्या पाचाच्या पटीत आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ४४ चा माणूस ४० दिसतो, आणि जन्मस्थळही फक्त ह्याच काउंटीतला का एवढंच. १८५१ पासून पॅरिशचं नाव मिळतं, वयही पूर्ण, पण ते वय त्या माणसाला जेवढं माहीत होतं तेवढंच. तेव्हा आधी-मागे पाच-पाच वर्षं तरी धरा. आणि एकाच सेन्ससवर जाऊ नका, म्हातारा १८६१, १८७१ पर्यंत जगला असेल तर तिन्हीत गाव काय लिहिलंय बघा, कधीकधी एका ठिकाणी मोठ्या गावाचं नाव असतं आणि दुसरीकडे त्याच्या शेजारच्या वाडीचं.

बापाचं नाव कुठून मिळवायचं हा पुढचा प्रश्न येतो. इंग्लंडच्या मृत्यूदाखल्यावर मोठ्या माणसाच्या आईबापाचं नाव नसतं, स्कॉटलंडमध्ये असतं, त्यामुळे स्कॉटिश मैत्रिणीचा सल्ला इथे चालत नाही. १ जुलै १८३७ ला सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हापासून लग्नाच्या नोंदीत दोघांच्या बापांची नावं आणि धंदे आले. तुमच्या माणसाचं लग्न १८२० चं असेल तर ते मिळणार नाही, पण तो विधुर होऊन १८३७ नंतर परत बोहल्यावर चढला असेल तर मिळतं! हे लोक विसरतातच. आमच्या विल्यमने १८४४ ला दुसरं लग्न केलं, त्यात बाप थॉमस, मजूर. झालं, खोट्या विल्यमचा बापही थॉमसच, म्हणजे काहीच फरक पडला नाही. पण तुमच्या बाबतीत पडेल. त्याच्या भावा-बहिणींची उशिरा झालेली लग्नंही बघा.

मग इंडेक्स. नव्वद टक्के वेळा घोळ इथे असतो (टक्केवारी माझ्या मनाची आहे, पण खरी वाटते). आपण शोधतो ती रजिस्टरं नसतात, कुणीतरी रजिस्टर वाचून टाइप केलेली यादी असते. दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या गावाची ती वर्षं त्या साइटवर चढवलेली आहेत का. फॅमिलीसर्च, फ्रीरेग, अ‍ॅन्सेस्ट्री, फाइंडमायपास्ट, कुणाकडेही सगळं इंग्लंड नाहीये, प्रत्येकाकडे वेगवेगळी गावं आणि मधेच गाळलेली वर्षं. शून्य रिझल्ट म्हणजे नोंद नाही असं नसतं, कधीकधी ते रजिस्टरच तिथे नसतं. दोन, नाव कसं वाचलंय. आमचं आडनाव ‘पी’ ने सुरू होतं आणि नोंदी लिहिणाऱ्या क्युरेटचा, म्हणजे मदतनीस पाद्र्याचा, ‘पी’ असा काही होता की टाइप करणाऱ्याने ‘आर’ वाचला, तो बिचारा चुकला असंही म्हणवत नाही, मीही आधी ‘आर’ च वाचला होता. नंतर पानं उलटत गेल्यावर दुसऱ्या एका ओळखीच्या नावातला ‘पी’ सापडला तेव्हा ट्यूब पेटली.

म्हणून आडनाव न टाकता शोधा. नुसतं विल्यम, बाप थॉमस, गाव, दहा वर्षं, आणि आलेली यादी डोळ्यांनी वाचा. स्पेलिंगचा तर आग्रहच धरू नका, बोलणारा निरक्षर, ऐकणारा परगावचा, त्याला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. सुरुवातीचा ‘एच’ गिळला जातो, ‘के’ ने सुरू होणारा नाइट ‘एन’ खाली जाऊन बसतो, क्लार्कमध्ये कधी ‘ए’ कधी ‘ई’. पहिल्या नावांचंही तसंच, ॲनला नॅन्सी, मेरीला पॉली, मार्गारेटला पेगी, साराला सॅली, आणि हेस्टर नि एस्थर एकच बाई असू शकते. स्कॅन उपलब्ध असतील तर सरळ पान पान वाचा, खेडं लहान असेल तर दहा वर्षांचे बाप्तिस्मे एका संध्याकाळी होतात. चहा घेऊन बसायचं. खरंच, एवढा वेळ वेगवेगळे फिल्टर लावण्यात जातो त्यापेक्षा हे परवडतं.

वाचताना काही गोष्टी अडतात. ‘ओ टी पी’ दिसलं तर बँकेचा मेसेज नव्हे, ‘ह्याच पॅरिशचा’ असा त्याचा शॉर्टफॉर्म आहे, आणि ह्याचा अर्थ तिथे जन्मलेला असाही नाही, लग्नाच्या वेळी तिथे राहत होता एवढंच. नावाच्या सुरुवातीला दोन छोटे ‘एफ’ म्हणजे एक मोठा ‘एफ’. मधला लांबडा ‘एस’ हुबेहूब ‘एफ’ सारखा दिसतो. बाप्तिस्म्यापुढे ‘बेस’ किंवा ‘स्प्युरियस’ लिहिलं असेल तर मूल लग्नाबाहेरचं, मग ते आईच्या आडनावाखाली शोधायचं, बापाच्या नाही. १७३३ च्या आधी लॅटिन भेटू शकतं, त्यात जेकोबस म्हणजे जेम्स, गुलियेल्मस म्हणजे विल्यम, एजिडियस म्हणजे जाइल्स, हे जरा पाठच करावं लागतं.

तारखेचा घोळ सगळ्यांना एकदा तरी चकवतो. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. आपल्याला हे खरं तर पटकन कळायला हवं, आपलं वर्षही पाडव्यालाच बदलतं की. म्हणजे रजिस्टरात जून १७२२ ला लग्न आणि जानेवारी १७२२ ला पहिलं बाळ दिसलं तर लगेच भुवया उंचावू नका, तो जानेवारी जूनच्या नंतरचा आहे, आपल्या हिशोबाने १७२३. मग १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू झालं आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, मधले अकरा दिवस गायब. तुमच्या ट्रीमध्ये ह्या काळातली तारीख टाकताना दोन्ही वर्षं तिरकी रेघ मारून लिहा, नाहीतर नंतर तुम्हालाच आठवणार नाही की तुम्ही आधीच बदललंय की नाही. मी तीन तारखा दोनदा बदलल्यात.

गाव बरोबर, स्पेलिंग सगळी करून झाली, पानं वाचून झाली, तरी नाही? मग शेजारची गावं. नॉरफोकमध्ये साडेसहाशेहून जास्त मध्ययुगीन चर्चेस आहेत, एका चर्चच्या टॉवरवरून पुढची दोन-तीन दिसतात, त्यामुळे शेताच्या ह्या बाजूला राहिलं तर एक पॅरिश आणि त्या बाजूला दुसरी. नकाशा घ्या आणि पाच मैलांच्या आतलं प्रत्येक चर्च बघा. उत्तरेकडे, लँकाशायर-यॉर्कशायरला, उलटा प्रकार, तिथे पॅरिश अवाढव्य आणि आत खूप चॅपल्स (छोटी चर्चेस), बाप्तिस्मा जवळच्या चॅपलमध्ये आणि लग्न मात्र मुख्य चर्चमध्ये असं दिसतं.

आणि आईचं माहेर! आमचं कुलूप इथेच उघडलं. बाळंतपणात मुलगी माहेरी जाते हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण मी दोन वर्षं सासरच्याच गावात शोधत बसले. शेवटी तीन मैलांवरच्या चर्चचं रजिस्टर वाचलं, त्यात नोव्हेंबर १७९६, विल्यम, थॉमस आणि मेरीचा मुलगा, आणि पुढे ‘पूर्वाश्रमीची’ म्हणून मेरीचं माहेरचं आडनाव. नॉरफोकच्या काही रजिस्टरांत त्या वीस-पंचवीस वर्षांत आईचं माहेरचं नाव लिहिलेलं सापडतं, हे आमचं नशीब. त्यावरून त्याच चर्चमध्ये १७९३ चं लग्न मिळालं. यॉर्कशायरवाल्यांचं नशीब आमच्याहून थोर, तिथे विल्यम डेड नावाच्या पाद्रीबुवांच्या पद्धतीने १७७० च्या दशकापासून १८१२ पर्यंत काही गावांत आजी-आजोबांचीसुद्धा नावं लिहिली जायची. तुमची माणसं तिकडची असतील तर मूळ पान बघायचंच, इंडेक्समध्ये हे सगळं येत नाही.

बाकीची कारणं भराभर सांगते. १७८३ च्या ऑक्टोबरपासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना माफ. त्यामुळे कर लागायच्या आधी लोकांनी घाईने पोरं उरकली, काहींनी कर जाईपर्यंत थांबून मग चार पोरं एका दिवशी नेली (तिळी-चौळी नव्हेत, वयं वेगवेगळी), आणि काहींच्या नावापुढे ‘पी’ म्हणजे पॉपर, गरीब. १६४२ ते १६६० यादवी आणि नंतरचा काळ, तिथे बऱ्याच ठिकाणी नोंदीच नाहीत किंवा बाप्तिस्म्याऐवजी जन्म लिहिलेत. आणि घर जर बॅप्टिस्ट, क्वेकर, मेथडिस्ट अशा वेगळ्या पंथाचं असेल तर बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये नसण्याची शक्यता बरीच. गंमत म्हणजे लग्न मात्र तिथेच असतं, कारण २५ मार्च १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्येच लग्न लावावं लागे. लग्न सापडतं पण सगळ्या मुलांपैकी एकाचाही बाप्तिस्मा नाही, असं असेल तर हाच संशय घ्या. त्यांची बरीचशी रजिस्टरं १८३७ नंतर सरकारने जमा करून घेतली, ती लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ऑनलाइन शोधता येतात. क्वेकरांचा ‘पहिला महिना’ १७५२ च्या आधी मार्च असायचा, तेवढं ध्यानात ठेवा.

रजिस्टरच उंदरांनी खाल्लं, ओल लागली, हरवलं, तर त्याची प्रत बघायची. १५९८ पासून दरवर्षी पॅरिशने आपल्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची होती. नॉरफोकमध्ये आर्चडीकनकडे (बिशपच्या हाताखालचा अधिकारी) गेलेल्या नकलाही आहेत. ह्या नकला रजिस्टर शाबूत असलं तरी बघाव्यात, लिहिणारा वेगळा असला तर अक्षर वाचता येतं, कधी एखादं नाव जास्त सापडतं, कधी अख्खं पान गाळलेलंही सापडतं.

आता पुरावा. एक बाप्तिस्मा सापडला, दुसऱ्या कुणाचा दफनाने निकाल लागला, तरी तोच आपला हे कशावरून? त्यासाठी मी पॅरिशची पेटी बघायला सांगते. चर्चमध्ये लोखंडी पट्ट्यांची पेटी असायची, रजिस्टरांबरोबर गावचे बाकीचे कागदही त्यात, आता ते काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरीब माणसाचं एक ‘हक्काचं’ गाव ठरलेलं असे, मदत लागली तर त्याच गावाने द्यायची. दुसऱ्या गावात राहून मदत मागितली की दोन मॅजिस्ट्रेटांसमोर जबाब, कुठे जन्मलास, कुठे वर्षभर नोकरी केलीस, बायको कोण, पोरं किती, आणि मग त्या गावी रवानगी. १७९५ नंतर प्रत्यक्ष मदत मागितल्याशिवाय असं हाकलता येत नव्हतं. श्रीमंतांची मृत्युपत्रं असतात, पण शेतमजुराच्या तोंडून निघालेली त्याची जन्मकथा मिळायची जागा ही. १८०१ च्या फेब्रुवारीत, पाव भयंकर महाग झाला होता त्या हिवाळ्यात, आमच्या थॉमसने मदत मागितली. कागदावर बायको मेरी, मुलं सारा ७, विल्यम ४, ॲन १. आणि जबाबात, लग्नाआधी तिसऱ्याच एका गावात मायकेलमसपासून (२९ सप्टेंबरचा सण) वर्षभराच्या बोलीवर शेतावर राहिला होता, म्हणून त्या गावात रवानगी. विल्यम जन्मला तेव्हा कुटुंब खरंच सेन्ससमधल्या गावात राहत होतं. म्हणजे म्हाताऱ्याने ५४ व्या वर्षी बरोबर सांगितलं होतं, मीच बाप्तिस्माही त्याच गावात असणार म्हणून अडून बसले होते.

ज्यांचा धागा आपल्याकडे येतो, म्हणजे घरातला कुणी पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली छावणीत होता आणि इंग्लंडमध्ये त्याचा बाप्तिस्माच नाही, त्यांनी पॅरिश शोधण्यात वेळ घालवू नका. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मे, लग्नं, दफनांच्या प्रती लंडनला पाठवल्या होत्या, त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये ‘एन ३’ ह्या मालिकेत आहेत. बंगालची ‘एन १’, मद्रासची ‘एन २’. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या नवऱ्याची पणजी केंटमध्ये वर्षभर शोधली, ती निघाली खडकीची.

रेकॉर्ड ऑफिसला जाणार असाल तर पेन नेऊ नका, पेन्सिलच चालते, आणि आधी कॅटलॉगमधले नंबर लिहून घेऊन जा, नाहीतर अर्धा दिवस नुसता कागद मागवण्यात जातो. एका ठिकाणी मला चुकीची पेटी आणून दिली होती आणि मी दोन तास दुसऱ्याच गावचे हिशोब वाचत बसले, लेबल न बघता, चूक माझीही आहेच.

आमचं सध्याचं अडलेलं ठिकाण असं की थॉमसने जबाबात जन्मगाव सांगितलंय, ते चौथंच गाव, आणि तिथल्या १७६० च्या दशकातल्या रजिस्टराची पानं ओलीने पार गेलीयेत. नकला नॉरिचला आहेत. जुलैत सुट्टीत तिकडे जाणार आहोत, नंबर काढून ठेवलेत. सासूबाईंनी फ्रेम काढलेली नाही, फक्त १७९६ वर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलीये, ‘हा नव्हे’.